शंभर मार्कांची बस

मुख्याध्यापिकेला सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, आणि मोठ्या बाई चष्मा दोनच वेळा काढायच्या: झोपताना आणि एखादं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालताना. सोमवारी पहिल्या तासाच्या आधी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा समोर उभ्या असलेल्या भूगोलाच्या बाईंना काय ते कळून चुकलं.

"सातवीची सहल दीपगृहाला न्यायचीय ना तुम्हाला? न्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण बस तुम्ही शोधायची. अशी शोधा, की शनिवारच्या पालकसभेत विरोधात एकसुद्धा हात वर येणार नाही. एक जरी आला, तरी सहल पाण्याच्या टाकीला."

पाण्याची टाकी शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होती. कुठलीही सहल रद्द झाली की तो वर्ग टाकी बघायला जायचा. टाकीला पायऱ्या किती, हे शाळेतल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ होतं. तेव्हा टाकीचं नाव ऐकून बाईंनी काळजीत पडायला हवं होतं. पण त्यांनी पुढचं काही ऐकलंच नाही. 'न्या' एवढा एकच शब्द कानात घेऊन त्या जिना उतरल्या, आणि उतरताना दोन पायऱ्या चक्क गाळल्या. चाळिशी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, पण बघायला तिथे कोणी नव्हतं.

गेली अकरा वर्षं बाई फळ्यावर दीपगृह काढत होत्या. निळ्या खडूने लाटा, पांढऱ्या खडूने प्रकाशाचा झोत, आणि हाताचा पंजा पुढेमागे करून भरती-ओहोटी. इतकं छान शिकवायच्या की शेजारच्या वर्गातली पोरं भिंतीला कान लावून बसत. आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, ती वर्गात कुणालाच ठाऊक नव्हती. बाईंनी जन्मात कधी समुद्र पाहिला नव्हता. आधी शिक्षण, मग लग्न, मग सासऱ्यांचं आजारपण, मग शाळा. समुद्र आपला राहतच गेला.

आणि पालकांचा हात वर यायला कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी हाच वर्ग सहावीत असताना गावाबाहेरच्या मोठ्या बागेत गेला होता. परतताना बाईंनी बसच्या पुढच्या दारात उभं राहून हजेरी घेतली. बेचाळीस नावं वाचली, बेचाळीस वेळा 'हजर, बाई' ऐकलं, वही मिटली, आणि बस निघाली. पाऊण तासाने लक्षात आलं की बसमध्ये पोरं एकेचाळीसच आहेत. शेपूट बागेतच राहिली होती. शेपूट म्हणजे वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी. रांगेत कायम शेवटी असायची म्हणून सगळे तिला शेपूट म्हणायचे आणि तीही खुशाल ओ द्यायची. बस उलटी फिरून पोचली, तेव्हा ती माळ्याच्या हाताखाली चौथं रोप लावत होती आणि यायला अजिबात तयार नव्हती.

शेपटीच्या आईने मात्र तीन दिवस शाळा डोक्यावर घेतली. त्या गडबडीत कोणीतरी म्हणालं की ड्रायव्हरने घाई केली असणार. ते सगळ्यांनाच सोयीचं वाटलं. ड्रायव्हर तिथे नव्हता, त्यामुळे 'नाही' म्हणायलाही कोणी नव्हतं. बाईंनी मान धड उभी हलवली नाही, धड आडवी हलवली नाही, आणि तेवढ्यावर त्या बस कंपनीचं शाळेत येणं बंद झालं. त्या दिवशी शेपटीचं 'हजर' जरा जाड आवाजात आल्यासारखं वाटलं होतं, हे बाईंनी कुणाला सांगितलं नाही. चपलेत खडा जावा तसं ते वर्षभर त्यांना टोचत होतं. म्हणूनच यंदा त्यांनी ठरवलं, की बस तपासावी तर अशी तपासावी की खड्याने पुन्हा तोंड वर काढता कामा नये.

सोमवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी शंभर मार्कांची प्रश्नपत्रिका काढली. पास व्हायला पस्तीस. विभाग एक, बसची तब्येत. विभाग दोन, चालकाची तब्येत. विभाग तीन, कागदपत्रं. विभाग चार, तोंडी परीक्षा. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, त्यामुळे बारीक कामाची त्याला आवड. त्याने टायरच्या खाचा किती खोल असाव्यात यावर एक प्रश्न दिला. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ड्रायव्हर जांभई देतो का ते बघ. समोर बसून आपण एक जांभई द्यायची. त्याने लगेच दिली, तर तो थकलेला." बाईंनी तो प्रश्न सोळावा म्हणून घातला, चार मार्कांना. शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतः घातला: 'आपल्याकडून आजवर काही चूक झाली आहे काय? असल्यास सविस्तर लिहा.' दहा मार्क.

मंगळवारी मधल्या सुट्टीत त्या पहिल्या कंपनीत गेल्या. मालक तीन फोनवर एकदम बोलत होता आणि तिन्ही फोनवर एकच वाक्य बोलत होता, 'होऊन जाईल'. बाईंनी सीटच्या पट्ट्यांचं विचारलं, होऊन जाईल. ब्रेकचं विचारलं, तेही होऊन जाईल. ड्रायव्हर कोण असेल विचारलं, तर तोही होऊन जाईल म्हणाला, आणि ते ऐकून बाई थोड्या हादरल्या. बसच्या मागच्या इमर्जन्सीच्या दारासमोर एक गादी, दोन बादल्या आणि एक जुनं टायर होतं. बाईंनी सगळं स्वतः बाजूला केलं आणि दाराचा दांडा ओढला. दार काही उघडलं नाही. दांडा मात्र त्यांच्या हातात आला.

"हे?" बाईंनी दांडा दाखवला.

"ते होऊन जाईल," मालक म्हणाला.

मार्क अकरा. बाई तावातावाने बाहेर पडल्या आणि शाळेत पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दांडा आपल्या पर्समध्येच आलाय.

बुधवारची कंपनी एकदम दुसऱ्या टोकाची. काचेचं ऑफिस, आत थंडगार हवा, आणि स्वतःलाही रोज इस्त्री करून घेत असावा असा मॅनेजर. बसमध्ये अत्तराचा वास, प्रत्येक खुर्चीमागे पडदा, कागदपत्रं फायलीत अनुक्रमे लावलेली. बाईंना इतका आनंद झाला की पहिल्या पानावर त्यांनी एकही मार्क कापला नाही. दुसऱ्या पानावर आग विझवायच्या लाल नळकांड्याचा प्रश्न होता. चालतं का, बाईंनी विचारलं. मॅनेजर म्हणाला, अर्थातच चालतं. बाई म्हणाल्या, दाखवा.

आजवर त्याला 'दाखवा' असं कुणी म्हटलंच नव्हतं. वस्तू भिंतीला आहे, तपासल्याची चिठ्ठी तिच्यावर आहे, एवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं. त्याने नळकांडं काढलं, उलटसुलट फिरवलं, एक कडी ओढली आणि नळीचं तोंड कुठे आहे हे बघण्यासाठी दांडी दाबली. ते तोंड नेमकं बाईंकडे होतं.

धुकं खाली बसायला दोन मिनिटं लागली. बसच्या आतलं सगळं पांढरं झालं होतं: पडदे, खुर्च्या, मॅनेजरची इस्त्री आणि डोक्यापासून पावलांपर्यंत बाई. मॅनेजर रडवेला होऊन माफी मागायला लागला, तर बाई खोकत खोकत म्हणाल्या, "अहो, माफी कसली मागता? चालतं की. पाचपैकी पाच."

पण पुढे काच फोडायची हातोडी निघाली खेळण्यातली, प्लॅस्टिकची. पट्टे निघाले फक्त पहिल्या दोन रांगांना, कारण फोटोत तेवढ्याच रांगा यायच्या. सोळाव्या प्रश्नाला ड्रायव्हरने जांभई दिली ती थेट विसावा प्रश्न येईपर्यंत चालली. शेवटच्या प्रश्नाला मॅनेजरने 'नाही' असं ठळक अक्षरात लिहिलं. बेरीज झाली चौतीस. एका मार्कासाठी गेलं.

"मॅडम, ग्रेस द्या ना एक," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "कॉलेजातसुद्धा मला मिळायचा."

बाईंचं मन क्षणभर द्रवलं, पण ग्रेस मार्कांच्या बसमध्ये बेचाळीस पोरं बसवायचा धीर त्यांना होईना.

चौथ्या तासाला पोचायचं म्हणून त्या तशाच पांढऱ्याफटक अवस्थेत शाळेकडे धावल्या, आणि इथून सगळा घोळ सुरू झाला. फाटकाशी शिपाईमामांनी विचारलं, बाई, हे काय? बाई घाईत म्हणाल्या, बसमध्ये होते, आग विझवायचं सुटलं. हे एका पालकाच्या अर्धवट कानावर पडलं. पालकांच्या फोनच्या ग्रुपवर आधी आलं की सहलीच्या बसला आग. मग आलं की आग लागली तेव्हा बाई आत होत्या. मग कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि त्याखाली बाकीच्यांनीही तेच चित्र टाकलं. संध्याकाळी बाई घरी पोचतात तर सोफ्यावर चार बायका फळांच्या पिशव्या घेऊन गंभीर बसलेल्या, आणि सासूबाई त्यांना सांगत होत्या की सून सकाळी गेली तेव्हा तर चांगली होती.

"भाजलं कुठे?" त्यातल्या एकीने हळूच विचारलं.

बाईंनी घसा फोडफोडून खरा प्रकार सांगितला. बायकांनी मान डोलावली, फळं ठेवली, आणि बाहेर पडताना एकमेकींना म्हणाल्या की बिचारी धीराची आहे, बोलून दाखवत नाही.

गुरुवारी सकाळी मोठ्या बाईंच्या टेबलावर एक कागद होता. सहल रद्द करा, खाली एकोणीस सह्या. पहिलीच सही शेपटीच्या आईची. मोठ्या बाईंनी पुन्हा चष्मा काढला आणि टाकीवाल्यांना कळवून ठेवू का, असं विचारलं. 'शनिवारपर्यंत थांबा' म्हणून बाई बाहेर पडल्या. तासाला वर्गात गेल्या तर पोरांनी फळ्यावर आधीच दीपगृह काढून ठेवलेलं. लाटा निळ्या, झोत पांढरा, आणि खाली खडकावर उभ्या बेचाळीस काड्या. त्रेचाळिसावी जरा जाड काडी म्हणजे आपण, हे बाईंनी ओळखलं. त्या म्हणाल्या की बस मिळणार म्हणजे मिळणारच, आणि मग दाराबाहेर येऊन डोळे पुसले.

यादीतलं तिसरं नाव शिपाईमामांनी दिलं होतं. कंपनी म्हणजे एक शेड, एक बस आणि एक माणूस. गाडी इतकी जपून चालवायचा की सगळे त्याला सावकाश काका म्हणत. गावातले निम्मे ड्रायव्हर त्याच्याच हाताखाली शिकलेले. बाई पोचल्या तेव्हा काका बसभोवती फिरत होते. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, मगच त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी प्रश्नपत्रिका पुढे केली. काकांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि शेडमधून स्वतःची एक वही आणली.

"तुमचा पेपर मी घरी सोडवून आणतो," ते म्हणाले. "आता माझे प्रश्न. मी काय कुठल्याही शाळेला बस देत नाही."

बाईंना हे नवीन होतं. अकरा वर्षांत त्यांना कुणी प्रश्न विचारले नव्हते. पण त्या उत्साहाने सरसावून बसल्या, कारण परीक्षा म्हटलं की त्यांना आपलं बरंच वाटायचं. बस लागणारी पोरं किती? सात, पुढे बसवणार. औषधं कुणाकडे? चित्रकलेच्या सरांकडे. धडाधड उत्तरं देत होत्या. काका मान डोलावून खुणा करत होते.

"पोरं मोजता कशी?"

"हजेरी घेते," बाई म्हणाल्या.

काकांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, हजेरी वर्गात घ्यावी. बसमध्ये डोकी मोजावी," ते म्हणाले. "तुम्हाला गंमत सांगतो. आम्हा ड्रायव्हर लोकांत एका शाळेचा किस्सा आहे. हजरवाल्या बाईंची शाळा. बाईंनी बसमध्ये हजेरी घेतली. आवाज आले बेचाळीस, पोरं होती एकेचाळीस. एक राहिलेली, तिच्या नावाला दोस्तांनी हजर म्हणून टाकलं. वर्गात रोजच म्हणत असणार, सवयच ती. आणि नाव कुणाचं झालं? ड्रायव्हरचं. माझ्याच हाताखालचा पोरगा तो. मला म्हणाला, काका, मी घाई नव्हती केली हो. हा किस्सा ऐकून लोक पोट धरून हसतात."

बाईंनी हसायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण पुढे काही जमेना. काका त्यांच्याकडे बघत राहिले, मग वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले की शनिवारी बस घेऊन शाळेत येतो, बाकीचं तिथेच बघू.

शुक्रवारी काकांनी सोडवलेला पेपर शाळेत पोचता केला. इमर्जन्सीचं दार उघडतं, वेळ चार सेकंद. पट्टे सगळ्या खुर्च्यांना. जांभईच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'मी रात्री साडेआठला झोपतो, हवं तर बायकोला विचारा.' आणि शेवटचा प्रश्न, ज्याला इस्त्रीवाल्या मॅनेजरने 'नाही' लिहिलं होतं, तिथे काकांनी जागा पुरली नाही म्हणून पुरवणी जोडली होती. बावीस वर्षांपूर्वी घाटात चाकाचे नट न तपासता निघालो, पुढे एक चाक हलायला लागलं, देवाच्या कृपेने गाडी जागीच थांबली, कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून तीन फेऱ्या मारतो. खाली सही.

बाईंनी लाल पेनाने दहापैकी दहा दिले. बेरीज ब्याण्णव. एवढे मार्क त्यांनी आयुष्यात कुणाला दिले नव्हते. पण आनंदाने उड्या मारायच्या ऐवजी त्या संध्याकाळभर तो शेवटचा प्रश्न बघत बसल्या. प्रश्न आपणच घातलेला, आणि आपलंच उत्तर कोरं.

नवऱ्याने जेवायला हाक मारली, तर म्हणाल्या भूक नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, जाड आवाजासकट. नवऱ्याने हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

"अगं, पण उद्या सभेत हे बोललीस तर सहल गेलीच."

"गेली तर गेली. त्या पोराचं नाव खराब झालं ते माझ्यामुळे," बाई म्हणाल्या. "आणि मी हातात दांडे घेऊन दुसऱ्यांना नापास करत फिरतेय."

सासूबाई आतून म्हणाल्या, "सांगून मोकळी हो. आणि मग जेव."

शनिवारी मैदानात काकांची बस धुऊनपुसून उभी होती आणि सभेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांना बाहेरून सातवीचा वर्ग लटकलेला. बाईंना धडधाकट बघून काही पालक चक्क हिरमुसले. आगीचं प्रकरण मिटायला वीस मिनिटं गेली. मग शेपटीची आई उठून उभी राहिली. ती म्हणाली की बस ब्याण्णव मार्कांची असो की दोनशे, मागच्या वेळी ड्रायव्हर घाई करून निघून गेला होता. यंदाचा जाणार नाही कशावरून?

बाई उठल्या. हातात प्रश्नपत्रिका होती, ती त्यांनी टेबलावर उलटी ठेवली.

"ड्रायव्हरने घाई केली नव्हती," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती. मी डोकी मोजली नाहीत, वहीत बघून हजेरी घेतली. तुमच्या मुलीच्या नावाला 'हजर' आलं आणि मी मान वरसुद्धा केली नाही. नंतर सगळे ड्रायव्हरला बोलले, तेव्हा मी गप्प बसले. वर्षभर गप्प बसले."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पण मग 'हजर' म्हणालं कोण?" एका पालकांनी दरडावून विचारलं. खिडकीतून एक हात वर आला. तो त्यांच्याच चिरंजीवांचा होता. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि बघता बघता खिडकीत अकरा हात झाले. अकरा जणांनी एकदम तिच्या नावाला हजर म्हटलं होतं. म्हणूनच तो आवाज जाड होता. बागेत ती रोपं लावण्यात रंगली होती, आता येईलच, तोवर तिला उशिरा आल्याबद्दल ओरडा बसू नये, असा त्या अकरा जणांचा विचार होता. आपल्यासाठी अकरा जण, हे ऐकून शेपटीची मान इतकी ताठ झाली की ती पहिल्यांदाच खिडकीच्या वर दिसली.

मोठ्या बाई म्हणाल्या की आता मतं घेण्यात काही अर्थ दिसत नाही. बाईंनी मान खाली घातली. तेवढ्यात मागून सावकाश काका सावकाश पुढे आले.

"मला दोन शब्द बोलायचेत," ते म्हणाले. "मी कंपनीचा माणूस, मला मत नाही. पण हजरवाल्या बाई याच, हे मला गुरुवारीच कळलं होतं. तो किस्सा ऐकून सगळे हसतात. या एकट्या हसल्या नाहीत. त्याच क्षणी मी वहीत पास लिहिलं."

"पास?" बाईंच्या तोंडून निघालं.

"मग? ज्या शाळेचं पोर एकदा राहिलंय, ती शाळा जन्मभर डोकी मोजते. मला धास्ती वाटते ती बाकीच्या शाळांची. फक्त आज बोलताय की नाही, तेवढं बघायचं होतं. त्या ड्रायव्हर पोराला मी सांगेन." मग काकांनी जरा थांबून पालकांकडे बघितलं. "तुमच्यापैकी कुणाची गाडी चालवताना एकही चूक झालेली नाही, त्यांनी हात वर करावा. त्यांच्या गाडीत मी बसणार नाही."

एक हात अर्धवट वर आला होता, तो डोकं खाजवून खाली गेला. शेपटीची आई मात्र अजून उभीच होती. तिने बाईंकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं.

"माझी मुलगी येईल," ती शेवटी म्हणाली. "पण डोकी मोजायचं काम तिच्याकडे. तिला बरोबर कळेल, राहिलेलं माणूस कसं शोधायचं ते."

हात वर आले ते सगळे होकाराचे. बाहेर सातवीच्या वर्गाने असा काही गलका केला की शिपाईमामांनी सुट्टी झाली समजून घंटाच दिली.

सहल निघाली. निघण्याआधी काकांनी तीन फेऱ्या मारल्या, आणि चौथी फेरी शेपटीने मारली. बेचाळीस मुलं, बाई आणि चित्रकलेचे सर मिळून चव्वेचाळीस. प्रत्येक थांब्यावर ती खुर्च्यांच्या मधून चालत एकेका डोक्यावर बोट टेकवायची. सर झोपले होते तर त्यांच्या टकलावरही टेकवलं. बाई खिडकीशी बसल्या होत्या, आणि पोरांना बसायला सांगता सांगता स्वतःच सारख्या उठून पुढे बघत होत्या. एका वळणावर रस्ता संपल्यासारखा झाला आणि समोर एकदम समुद्र आला.

दीपगृहाच्या एकशे चौऱ्याण्णव पायऱ्या पोरं ओरडत चढली आणि टाकीपेक्षा जास्त आहेत म्हणून आणखी ओरडली. बाईंनी वर उभं राहून भरती-ओहोटी समजावली. पंजा पुढेमागे करायला गेल्या आणि थांबल्या, कारण खाली तो प्रकार आपोआपच चालला होता.

निघायची वेळ झाली. पोरं बसमध्ये चढली, खिडक्यांवरून भांडली, बसली. काकांनी इंजिन चालू केलं आणि आरशात बघत विचारलं, "बाई आल्या?"

"हजर," बसमधून एकदम आवाज आला.

फक्त एकजण काही बोललं नाही. शेपूट खुर्च्यांच्या मधून चालत होती, बोट टेकवत. शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली, परत आली, आणि काकांच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "काका, बंद करा. त्रेचाळीसच आहेत."

काकांनी इंजिन बंद केलं, आणि ही पोरं सुधारायची नाहीत म्हणून कपाळाला हात लावला.

बाई दीपगृहाच्या मागच्या कठड्यापाशी उभ्या होत्या. पर्स खाली पडलेली, केस वाऱ्यावर, एक चप्पल कुठेतरी. त्यांनी शिट्टी ऐकली नव्हती, हाका ऐकल्या नव्हत्या. लाट यायची, कठड्याला आपटायची, आणि प्रत्येक लाटेला बाई लहान मुलीसारख्या हसायच्या. शेपूट त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनेही दोन लाटा बघितल्या. घाई अशी तिला नव्हतीच.

"बाई," मग ती म्हणाली, "तुम्ही राहिलात."

बाईंनी दचकून वळून बघितलं. कान धरावा की मिठी मारावी, हे त्यांना कळेना.

"फार वेळ झाला का गं?"

"नाही. मला माहितेय, असं होतं," शेपूट समजूत घालत म्हणाली. "आणखी एक बघा हवी तर. ते सगळे तुम्ही हजर आहात म्हणतायत."

दोघींनी मिळून आणखी एक लाट बघितली, चांगली मोठी. मग शेपटीने बाईंना खाली वाकायला लावलं, कारण तिचा हात पोचत नव्हता, आणि त्यांच्या ओल्या डोक्यावर बोट टेकवलं.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "चला आता."